जुन्या फोनच्या वायरीत लाल म्हणजे प्लस का?

तुमचा प्रश्न असा: भिंतीतून लाल, हिरवी, पिवळी, काळी अशा चार वायरी आल्यात, लँडलाइन परत चालू करायची आहे, तर लाल प्लस आणि हिरवी अर्थिंगची धरून जोडू का?

दोन्ही नाही. लाल-हिरवी ही एक जोडी, पिवळी-काळी ही दुसऱ्या लाइनसाठीची. तुमचा नंबर एकच असेल तर लाल-हिरवी घ्या. आणि लाल ही उलट ऋण बाजूची असते. एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक तिकडे जमिनीला जोडलेलं असतं, म्हणजे ओलीत तांबं लवकर खाल्लं जात नाही. हिरवी घरच्या अर्थिंगला लावलीत तर फोनमध्ये नुसती घूं घूं ऐकत बसाल.

‘लाल म्हणजे प्लस’ हे वाचून आमचे दाजी डोळ्यांसमोर आले, म्हणून पुढचं लिहितोय. दाजींकडे वायरमनचं लायसन आहे. घरच्या लाइटीच्या कामात त्यांचा हात कोण धरणार नाही. पण लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की फोनची वायर बघितली तरी ते टेस्टर काढतात.

१९९७ चा पावसाळा. आम्ही बेळगावच्या शहापुरात एका वाड्यात राहायचो, सहा बिऱ्हाडं, सगळ्यांकडे फोन. दारातल्या भिंतीवर डबा, त्यात दहा जोड्यांची, पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली केबल. आमची जोडी पावसानं गेली. लाइनमन आला, गल्लीच्या तोंडाच्या खांबावर चढला, आमचा नंबर दुसऱ्या चांगल्या जोडीवर टाकला आणि वरूनच आबांना ओरडून सांगितलं, “बिळी-नीली री, बिळी-नीली!” पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. त्याच्या हातात अजून चार तक्रारी, तो गेला सायकल मारत.

आबा मूळचे चंदगडकडचे. कानडी त्यांना बाजारापुरतं यायचं. आकडे आणि भाव चोख, रंगांशी कधी काम पडलं नव्हतं. त्यांनी ऐकलं ‘निळी-निळी’. कालनिर्णयच्या मागं तसंच लिहून ठेवलं.

संध्याकाळी दाजी आले. डबा उघडला तर खरंच दोन निळ्या! एक पांढरीबरोबर पिळलेली, एक लालबरोबर. आता केबलचा हिशेब माहीत असलेला माणूस इथंच थांबला असता. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एका बाजूला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसऱ्या. पाच पाचं पंचवीस जोड्या. दहाच्या केबलीत पांढरा आणि लाल एवढेच लागतात, म्हणून निळी दोनदा येते: पहिल्या जोडीत आणि सहाव्या जोडीत. नुसतं ‘निळी’ म्हणणं म्हणजे आडनाव न सांगता ‘पाटलांचा पोरगा’ विचारण्यासारखं. दाजींनी दोन्ही निळ्या आणून आमच्या रोझेटला, म्हणजे घरात फोनची वायर जोडायच्या डबीला, लावल्या.

फोन मेला. बरं, पुरता मेलाही नाही. सहाव्या जोडीवर शेजारच्या काकूंचा नंबर होता. त्यांची घंटी वाजली की आमचीही वाजायची, उचलला की आत कोणी नाही. आजी म्हणाली, बाधा आहे, नारळ उतरवा. उतरवला.

चौथ्या दिवशी मी मित्राचा व्होल्ट मोजायचा मीटर आणला. दोन निळ्यांत शून्य. निळी-पांढरीत पन्नास व्होल्टच्या आसपास. दोन्ही निळ्या ऋण बाजूच्या, मग त्यांच्यात प्रवाह कुठून येणार? पांढरी लावली, टोन आला. दोन दिवसांनी लाइनमन गल्लीत भेटला. मी विचारलं तर त्यानं आबांच्या धोतराचा सोगा चिमटीत धरला आणि म्हणाला, “इदु बिळी.” कानडीत बिळी म्हणजे पांढरी. त्याला लालची जोडी सांगायची असती तर तो ‘केंपु-नीली’ म्हणाला असता.

आता खरी गोष्ट. दाजी आजतागायत प्रत्येक बारशाला, लग्नाला सांगतात की लाइनमननं मराठी माणूस बघून मुद्दाम चुकीचं सांगितलं. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी निघते, तीत दाजींच्या शेजारून मीही चालतो, कानडी पाट्यांवरून, कानडी सातबाऱ्यावरून माझंही डोकं तापतं. पण त्या माणसानं बरोबर जोडी, बरोबर क्रमानं सांगितली होती. चूक आमच्या कानाची, आणि पिळलेली जोडी सोडवून दोन निळ्या वेगळ्या काढणाऱ्या हाताची. केबल हाताला सांगत होती की ही हिच्याबरोबर, ती तिच्याबरोबर.

तुमचं राहिलंच. लाल-हिरवी उलटी लागली तरी आताचे फोन चालतात, आत डायोडचा ब्रिज असतो, तो उलटी जोडणी आपोआप सरळ करून घेतो. बटणांचे काही फार जुने फोन उलट्या जोडीवर टोन ऐकवतात पण नंबर लावत नाहीत. तसं झालं तर दोन टोकं अदलाबदल करा. उघड्या तारा बोटांत धरू नका, घंटी येते तेव्हा पाऊणशे व्होल्टच्या घरात एसी असतो, चांगला झटका बसतो. बाहेरचा डबा तुमचा नाही, कंपनीचा आहे, त्याला हात लावू नका. (आम्ही लावला होता, हो.) आणि भिंतीतली वायर कुणी ओढली होती ते आधी विचारा. लाइटवाल्यानं हाताला येईल ती घातली असेल तर मी वर सांगितलेले रंग विसरा आणि मीटर लावा. टेस्टर नको. दाजींनी सांगितलं तरी.