वाचक विचारतात : न्यूजलेटरसाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

प्रश्न : नमस्कार ताई. माझा रेसिपीचा ब्लॉग आहे, ब्लॉगरवर, बरीच वर्षं झाली. आधी ब्लॉगच्या कडेला ईमेल टाकायची चौकट होती, लोक आयडी टाकायचे आणि नवीन पोस्ट त्यांना आपोआप जायची. ते २०२१ मध्ये बंद पडलं, तेव्हापासून मी जीमेलवरूनच बीसीसी करून (एकमेकींचे पत्ते दिसू न देता सगळ्यांना एकदम) पाठवते. आता यादी ६४० झालीये, जीमेल मधेच अडवतं आणि निम्म्या जणी म्हणतात की मेल आलीच नाही. महिन्यातून दोनदाच पाठवायचं असतं, कमाई जवळजवळ शून्य. मुलगा म्हणतो मेलचिम्प घे, मैत्रीण म्हणते ब्रेव्हो. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती चौकट होती गुगलच्या फीडबर्नरची, आणि जुलै २०२१ मध्ये गुगलने तिची ईमेल सेवा काढून टाकली. त्या वेळी बऱ्याच मराठी ब्लॉगांचे वाचक एका झटक्यात तुटले. ज्यांनी आधीच यादी डाउनलोड करून ठेवली होती त्यांचे वाचले. पुढे ट्विटरने २०२१ मध्ये विकत घेतलेलं रेव्ह्यू हे न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं आणि मेलचिम्पने आपलं छोटंसं, छान चाललेलं टायनीलेटर, तेही न्यूजलेटरचंच, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळलं. म्हणून मी तरी कुठलंही सॉफ्टवेअर बघताना आधी एकच बघते, यातून बाहेर कसं पडायचं? सगळ्या वाचकांची यादी, कोण कधी जोडलं त्या तारखेसकट, सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, एका बटणावर मिळते का? मिळत असेल तरच पुढचं बोलायचं, टेम्प्लेटं किती सुंदर आहेत ते नंतर. (ती फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका हां, मराठी नावांचा पार चोथा झालेला दिसतो. गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट केली की नीट दिसते.)

आता तुमचं दुखणं. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं, तुम्ही ६४० वर आहात, म्हणजे अडवणारच. आणि मेल न पोचण्याचं दुखणं नुसतं सॉफ्टवेअर बदलूनही जाणार नाही जर पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचाच ठेवलात तर. कारण तेव्हा मेल जाते दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून आणि वर नाव जीमेलचं, गुगलला ही तोतयेगिरी वाटते आणि मग स्पॅम. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केलेत. रोज ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही (मेल खरंच तुमच्याच नावावरून आली याचे पुरावे) लागतात, वर एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून नाव काढून घ्यायची सोय, लागते. आपल्यासारख्या छोट्यांना निदान पहिल्या दोनातलं एक तरी हवंच. घाबरू नका, हे तीन म्हणजे डोमेनच्या (तुमच्या स्वतःच्या वेबपत्त्याच्या) सेटिंगमध्ये चिकटवायच्या तीन-चार ओळी, सॉफ्टवेअरच त्या ओळी देतं, मुलाला बसवा, अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी स्वतःचं डोमेन हवं. तर सगळ्यात आधी तेच घ्या, वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर जातं, आणि ब्लॉगरवरचा ब्लॉगही त्याच नावावर फुकटात चालवता येतो.

मग कुठलं? मुलाला सांगा मेलचिम्प नको. वाईट आहे म्हणून नाही, जुनं आणि भक्कम आहे, २००१ पासूनचं. पण २०२१ मध्ये इंट्युइट या अमेरिकी कंपनीने ते घेतल्यानंतर फुकटचा प्लॅन कापत कापत आणलाय, तुमची ६४० ची यादी त्यात बसतच नाही. शिवाय २०१९ पासून तिथे अनसबस्क्राइब केलेली माणसंही तुमच्या हिशोबात धरतात, म्हणजे सोडून गेलेल्यांचे पैसे आपणच भरायचे, जोपर्यंत आपण त्यांना हाताने आर्काइव्ह करत, म्हणजे यादीतून बाजूला काढत नाही तोपर्यंत. ब्रेव्होचा, म्हणजे पूर्वीच्या सेंडिनब्लूचा, हिशोब उलटा आहे. यादी कितीही असो, मेल किती पाठवता त्यावर पैसे, फुकटात दिवसाला ३००. तुमच्यासारख्या क्वचित पाठवणाऱ्यांना हा हिशोब खरं तर बरा, पण ६४० जणींना पाठवायला तीन दिवस लागणार, आणि संकष्टीच्या मोदकांची रेसिपी चतुर्थी उलटल्यावर पोचून काय उपयोग.

राहिले दोन. किट, ज्याचं नाव २०२४ पर्यंत कन्व्हर्टकिट होतं, तिथे १०,००० वाचकांपर्यंत फुकट, मेल साधी आणि मजकूरप्रधान दिसते, मला तेच आवडतं, पण एकदा पैसे भरायची वेळ आली की डॉलरमध्ये आणि चांगलंच महाग. आणि दुसरं चेन्नईच्या झोहोचं कॅम्पेन्स, फुकटात २००० वाचक आणि महिन्याला ६००० मेल. तुम्हाला लागतात साधारण १३००. दिसायला जरा ऑफिससारखं आहे, मेनू फार आहेत, पण पुढे प्लॅन घ्यावा लागला तर बिल रुपयात येतं. परदेशी कंपन्यांचं दर महिन्याचं कार्ड पेमेंट आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर अधूनमधून अडकतं, मग खातं लटकतं, ते झंझट यात नाही. तुमच्या जागी मी झोहो घेईन.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. अमेरिकेच्या कायद्यामुळे यातली बरीच सॉफ्टवेअरं प्रत्येक मेलखाली पाठवणाऱ्याचा पोस्टाचा पत्ता छापतात. घरून लिहिणारी बाई सहज घराचा पत्ता भरून मोकळी होते आणि तो ६४० अनोळखी माणसांकडे जातो. तिथे घर क्रमांक टाकू नका, पोस्टात भाड्याने पोस्ट बॉक्स मिळतो, तो घ्या.

जुन्या ६४० जणींना नव्या ठिकाणी नेताना आधी एक साधी मेल टाका, "पुढेही हवं असेल तर इथे क्लिक करा". दोनशे गळतील. गळू द्या. न उघडणाऱ्यांना पाठवत राहिलं की बाकीच्यांच्याही मेल स्पॅममध्ये जायला लागतात.

प्रश्न : आमच्या मंडळाचं मासिक पत्र मेलने जातं. काही जणांना मेल अर्धीच दिसते, खाली इंग्रजीत काहीतरी "मेसेज क्लिप्ड" असं येतं. फोटो कमी केले तरी तेच. सॉफ्टवेअर बदलावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फोटोंचा यात दोष नाही, ते मेलमध्ये नसतातच, बाहेरून लोड होतात. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मजकूर कापतं, म्हणजे अक्षरं आणि त्यामागचा कोड मिळून. इथे मराठीला जरा भुर्दंड बसतो, कारण इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. तरी दीड हजार शब्दांचा लेख नुसता टाकला तर पंचवीस-तीस केबीच्या आसपास राहतो, तेवढ्याने कापला जात नाही. मग होतं काय? तर तुमचे सदस्य वर्डमध्ये लिहितात, तुम्ही तिथून कॉपी-पेस्ट करता, आणि प्रत्येक शब्दाला फॉन्ट-रंग-साइझचा कोड चिकटून येतो. काही सॉफ्टवेअरं तर देवनागरीचं एकेक चिन्ह सात अक्षरांच्या कोडमध्ये बदलून ठेवतात, तिथे तर दुप्पट वजन.

म्हणून आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथून उचलून सॉफ्टवेअरमध्ये टाका, ठळक-बिळक काय करायचं ते तिथेच करा. आणि चार लेख अख्खे देण्यापेक्षा प्रत्येकाचा एक परिच्छेद आणि पुढे वेबसाइटची लिंक. कापलेल्या मेलमध्ये तळाचं अनसबस्क्राइबही गायब होतं, आणि ते सापडलं नाही की लोक सरळ स्पॅमचं बटण दाबतात, हा खरा तोटा. एवढं करूनही तेच झालं तर मग सॉफ्टवेअर बदला. नवीन निवडताना मोठा मराठी लेख स्वतःला पाठवून जीमेलमध्ये उघडून बघा, तिथेही कापला गेला तर ते नको.

प्रश्न : शेअर बाजारावर मराठीत लिहितो, सबस्टॅकवर (न्यूजलेटर लिहायची आणि विकायची वेबसाइट) फुकट चालू आहे, आता महिना ९९ रुपये लावायचेत. पेमेंट सुरूच होत नाही. अमेरिकेतल्या मेव्हण्याच्या नावाने करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मेव्हण्याला यात ओढू नका. पैसे त्याच्या खात्यात, कर त्याच्या डोक्यावर, आणि भांडण तुमच्या घरात.

अडचण अशी आहे की सबस्टॅक पैसे फक्त स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीमधून घेतं, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवीन खाती फक्त आमंत्रणावर ठेवलीत. घोस्ट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलात तरी तीच भिंत, तिथेही पेड मेंबरशिप स्ट्राइपवरच, फरक एवढाच की सबस्टॅक १० टक्के कापतं आणि घोस्ट काही कापत नाही. त्यामुळे यादी आहे तिथेच राहू द्या, पैसे रेझरपेसारख्या भारतीय गेटवेच्या पेजवर यूपीआयने घ्या, आणि पैसे भरणाऱ्यांची वेगळी यादी करून त्यांना दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पाठवा. हाताने करावं लागतं, शंभर-दीडशे लोकांपर्यंत निभतं. तुम्हाला कोडिंगची सवय असेल तर लिस्टमंक हे न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर बघा. झेरोधाचे सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) कैलाश नाध यांनी बनवलेलं, फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं आणि मेल ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवायच्या सेवेमधून सोडायच्या, हजार मेलना दहा सेंट. सुरुवातीला ॲमेझॉन तुम्हाला चाचणीत ठेवतं, दिवसाला २०० मेल आणि त्याही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर, अर्ज करून त्यातून बाहेर यावं लागतं. कोडिंगची सवय नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

आणि शेअरबद्दल पैसे घेऊन "हा घ्या, तो विका" सांगणार असाल तर सॉफ्टवेअरच्या आधी सेबीची नोंदणी बघा.

प्रश्न : आमच्या न्यूजलेटरचा ओपन रेट (किती टक्के वाचकांनी मेल उघडली तो आकडा) ४० वरून ६५ टक्के झाला, काहीच बदललं नसताना. खरं मानायचं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमचे वाचक आयफोनवाले असणार. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाने मेल उघडायच्या आधीच त्यातली चित्रं स्वतः ओढून ठेवू शकतं, आणि सॉफ्टवेअरला वाटतं मेल उघडली. नवीन वाचकांत आयफोनवाले वाढले की आकडा असाच फुगतो. क्लिक किती झाले आणि उत्तरं किती आली ते मोजा.