शाळेत मारामारीची एकही तक्रार नाही, तरी मुलांना असुरक्षित का वाटतं?

तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, हे गणितच चुकतं. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात जवळपास ३ पैकी १ विद्यार्थ्याला आधीच्या महिनाभरात एकदा तरी सोबत्यांची दादागिरी सोसावी लागली होती. यातलं बरंच शिक्षकांच्या कानावर जातच नाही. माराच्या भीतीपेक्षा 'चुगलखोर' ठरण्याची भीती मोठी.

शिवाय धास्ती जागेला चिकटते. वर्गात गप्प बसलेलं पोर मधल्या सुट्टीत स्वच्छतागृह टाळतं, त्यासाठी पाणीसुद्धा पीत नाही. शाळा सुटली तरी जिना रिकामा होईपर्यंत दप्तर भरत रेंगाळतं. मार एकालाच बसतो, पण बघणारेही 'उद्या आपला नंबर' म्हणून धसका घेतात. (मोठ्यांचाच हात उठत असेल तर बोलायलाच नको.)

म्हणून 'कोणी मारतं का?' असं थेट विचारू नका, उत्तर 'नाही' येतं. शाळेचा नकाशा द्या, नको वाटणाऱ्या जागांवर नाव न लिहिता फुली मारायला सांगा. नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या, शाळेतली दादागिरी रोखण्याच्या कामाचा पायाही निनावी प्रश्नावलीच होती. फुल्या दाटतील तिथे सुट्टीत एक शिक्षक रोज उभा राहू दे. सूचनाफलक नंतर लावता येतील.