कमरेच्या मणक्यांच्या फ्यूजननंतर रुग्ण कधी बरा होईल, हे कशावर अवलंबून असते?

तुमच्या वडिलांचे एल-४ आणि एल-५ हे मणके स्क्रू-रॉड टाकून जोडायचे आहेत, आणि ते पूर्ण बरे होणे कशावर अवलंबून आहे, असे तुम्ही विचारले आहे. वय, मधुमेह, सर्जनचा अनुभव हे सारे तुम्ही लिहिले, पण तंबाखूचा उल्लेख नाही. नागपूरकराच्या प्रश्नात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण, नसावा हे मला खटकले, म्हणून लिहितो आहे.

माझ्या वडिलांचे हेच ऑपरेशन झाले. भरती करून घेताना ‘धूम्रपान करता का?’ एवढेच विचारले गेले, त्यांनी ‘नाही’ सांगितले आणि ते खरेच होते. टाके सुकले, पायात उतरणारी कळ गेली, बाबा गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले. मग मामा रोज भेटायला येऊ लागले आणि येताना चौकातल्या पानठेल्यावरून पन्नीत घोटलेला खर्रा आणू लागले. पुडी उशीखाली जायची. मी हटकले की मामांचे ठरलेले उत्तर असे, “धूर फुप्फुसात जातो, खर्रा तोंडात राहतो. त्याचा कमरेशी काय संबंध?”

संबंध थेट आहे. स्क्रू आणि रॉड मणक्यांना फक्त धरून ठेवतात. मधे भरलेल्या ग्राफ्टमधून, म्हणजे हाडाच्या कलमातून, नवे हाड तयार होते तेव्हाच मणके जुळतात, आणि त्यासाठी तिथे भरपूर रक्तपुरवठा लागतो. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आक्रसवते आणि हाड तयार करणाऱ्या पेशींचे काम मंदावते. ते धुरातून आले की गालाच्या आतल्या त्वचेतून, याने हाडाला फरक पडत नाही. उलट खर्ऱ्यातल्या चुन्यामुळे ते तोंडातून अधिक सहज शोषले जाते. पुढे एक्स-रे उजेडापुढे धरून डॉक्टरांनी खालच्या स्क्रूभोवतीची बारीक काळी कड बोटाने दाखवली. हाड जुळले नव्हते आणि स्क्रू सैल झाला होता. दुसरे ऑपरेशन करावे लागले, तेव्हा मात्र बाबांनी खर्रा पूर्ण सोडला आणि हाड जुळले. डॉक्टरांनीच स्क्रू नीट बसवला नाही, असे मामा आजही चारचौघांत सांगतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

बाकीचे थोडक्यात. हाड पक्के जुळायला साधारण 6 ते 12 महिने लागतात. बैठे काम बहुतेकांना त्याच्या बरेच आधी सुरू करता येते. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणे घातक आहे, चालायलाच हवे. वाकणे, वजन उचलणे आणि कंबर पिळणे मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद. साखर, ड जीवनसत्त्व आणि हाडांचा ठिसूळपणा आधीच तपासून घ्या. दुखण्याच्या काही गोळ्याही हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नका. पायातली ताकद कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हेही सांगायला हवे की बाबांना मधुमेह आहे आणि दुसऱ्या वेळी ग्राफ्ट त्यांच्याच खुब्याच्या हाडातून घेतला होता, त्यामुळे सगळा दोष एकट्या खर्ऱ्यावर टाकता येणार नाही. तंबाखू न खाणाऱ्यांचेही हाड कधीकधी जुळत नाही. तरी तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. वडील तंबाखू खात असतील तर ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच बंद करा आणि सर्जनला स्पष्ट सांगा; निकोटिनचा च्युइंगगमही त्यांना विचारूनच द्या. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना पुडी दाराबाहेर ठेवायला सांगा, आणि कोणी मामा त्यावरून रुसले तर रुसू द्या.