रिपोर्ट नॉर्मल, मग सिगारेटनं काय बिघडलं?

लातूरचा असो, जालन्याचा असो की परभणीचा, माणूस रिपोर्टची घडी उलगडतो आणि तोच प्रश्न विचारतो: "कोलेस्टेरॉल नॉर्मल हाय, मग सिगारेट कामून सोडायची?" म्हणून ही हकिकत सांगते, ओळख पुसून.

मोंढ्यातले आडत दुकानदार, वय ४६, रोज १२ सिगारेटी. एकूण कोलेस्टेरॉल १८६, एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११२. त्यांचं बोट या दोन आकड्यांवरून हलेना. मी खालच्या ओळी दाखवल्या: एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१४.

"एचडीएल जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतं. पुरुषांत ४० च्या वर हवं. सिगारेटनं ते घटतं."

"पण एलडीएल तर बरोबर हाय ना?"

"सोयाबीन नुसत्या वजनावर घेता का?"

"छ्या! मूठ भरून बघतो, ओलावा बघतो."

"एलडीएलचा आकडा म्हणजे नुसतं वजन. धुरानं तेच एलडीएल ऑक्सिडाइज होतं, बिघडतं. धमनीचं आतलं अस्तरही धूरच दुखावतो, आणि हे बिघडलेलं एलडीएल तिथं साचतं. रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. वर रक्तही लवकर गोठतं."

ते बराच वेळ रिपोर्टकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी पोती भिजलेली, अन् उचलायला हमाल कमी."

इतकी नेमकी मांडणी मला जमली नसती. माझा अनुभव असा की भीती आठवडाभर पुरते. माणसानं स्वतःच्या धंद्याच्या भाषेत काढलेला अर्थ टिकतो. त्या वाक्यासाठी थांबता आलं, याचं मला समाधान आहे.

पुढच्या खेपेला सांगू लागले, "आता तीनवर आलो." कौतुक केलं, पण खरंही सांगितलं: हृदयाचा धोका सिगारेटींच्या हिशेबात उतरत नाही. रोजच्या २० सिगारेटींनी जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा रोजच्या एका सिगारेटनंही राहतो. तेव्हा तारीख ठरवून पूर्ण बंद.

पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून तलफ शमवणारं ४ मिलिग्रॅमचं निकोटिन गम. उशिरा लागत असेल तर २. इथं बहुतेक जण चुकतात: सुपारीसारखं चघळतात, मग उचकी, जळजळ, आणि गम बंद. हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा नाही. तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा सगळ्यात कठीण. सिगारेटच्या जागी पुडी धरली तर ते सोडणं नव्हे. एकट्याला जड गेलं तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सोडल्यावर एचडीएल काही आठवड्यांत वर येऊ लागतं. हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो.

तीन महिन्यांनी ते नवा रिपोर्ट घेऊन आले. एचडीएल ३६. या वेळी बोट आधी त्याच ओळीवर गेलं.

"हमाल वाढू लालेत, मॅडम."