.४५ आणि .४५५ एक नव्हेत

मिरजेच्या सदस्यांनी विचारले आहे की वारसाहक्काने आलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर .४५५ असे कोरलेले असून आजोबांच्या परवान्यावर मात्र ‘.४५ बोअर’ (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचांत) अशी नोंद आहे, तर दोन्ही एकच समजावेत का. शिवाय सिंगल ॲक्शन बरे की डबल ॲक्शन. पहिला प्रश्न वाचला आणि साताऱ्यात याच एका ‘५’ पायी खर्ची पडलेली माझी दोन वर्षे आठवली.

ते एक नव्हेत. मुळात ‘.४५’ एवढ्याने काहीच ठरत नाही. १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरचे .४५ कोल्ट हे रिमचे (म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कड असलेले), लांब काडतूस. १९११ साली अमेरिकी सैन्याने पिस्तुलासाठी स्वीकारलेले .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) हे काडतूस आखूड आणि बाहेर आलेली रिम नसलेले. .४५५ वेब्ली रिमचे, त्याहूनही आखूड आणि बेताच्या दाबाचे असते. त्याची गोळी सुमारे २६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) असून तिचा वेग सेकंदाला ६०० फुटांहून थोडा जास्त असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात अनेक वेब्लींच्या सिलिंडरची (काडतुसे भरायच्या फिरत्या भागाची) मागची बाजू घासून त्यांत .४५ एसीपी बसवले गेले. त्या काडतुसाचा नेहमीचा दाब वेब्लीला झेपेल त्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ‘बसते’ याचा अर्थ ‘चालते’ असा कृपया कधीही घेऊ नये. आकडे इतरत्रही फसवतात: १९५५ च्या .४४ मॅग्नम काडतुसाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .४२९ इंच असतो, आणि त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल हे काडतूस चालते, उलट मात्र कधीच नाही.

आता माझी चूक. नूतनीकरणाच्या वेळी एका कार्यालयातील लिपिकाने .४५५ मधला शेवटचा ५ गाळला आणि मी नोंद न वाचताच सही केली. पुढे शस्त्र आणि कागद जुळेनात, विक्रेता काडतुसे देईना, आणि दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो की टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवी. जुन्या परवान्याची प्रत माझ्याजवळ नव्हती. ती शोधण्यातच एक पावसाळा गेला. कार्यालयाचे नाव मी घेणार नाही, पण एका अंकाची दुरुस्ती करायला दोन वर्षे लागतात याचा राग आजही गेलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत ठाम आहे. सिंगल ॲक्शनमध्ये प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, त्यामुळे चाप हलका आणि नेम स्थिर राहतो. डबल ॲक्शनमध्ये चापच घोडा उचलतो, म्हणून तो जड लागतो. आपले वेब्ली डबल ॲक्शन असले तरी घोडा आधी चढवता येतो, तेव्हा ते दोन्ही प्रकारे चालते. मोठ्या बोअरचा धक्का सोसून अचूक नेम साधायचा असेल, तर मी घोडा चढवूनच चाप दाबणे पसंत करीन. मी वकील नाही आणि शस्त्रदुरुस्तीचा परवानाही माझ्याकडे नाही, हे ध्यानात असावे.

आणखी एक: निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करताना पावतीवर बोअर आणि अनुक्रमांक पूर्ण लिहून घ्यावा. आपले प्रकरण वारसाचे असल्याने, स्वतःच्या नावाचा परवाना होईपर्यंत शस्त्र घरी न ठेवता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, आणि ती पावती घेतानाच .४५५ लिहिले आहे का, ते तिथेच उभे राहून वाचावे.