आयईबीजेनरनं डिस्कवरची फाईल टेपवर नेताना ब्लॉकसाइज द्यायलाच पाहिजे का?

सोलापुरात घरच्या पीसीवर हर्क्युलिस (आयबीएमच्या मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून कुणीतरी एमव्हीएस ३.८जे ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम शिकतंय हे वाचूनच लई बरं वाटलं. मीपण सोलापूरचाच, नोकरी सगळी टेप चढवण्या-उतरवण्यात गेली. तुम्ही म्हणताय आयईबीजेनर या कॉपी करायच्या प्रोग्रामला ब्लॉकसाइज (एका ब्लॉकमध्ये, म्हणजे एका दमात लिहायच्या गठ्ठ्यात, किती बाइट) न देताही कॉपी होतीय, मग द्यायची कशाला?

सिसयूटी१ (जिथनं वाचायचं) ला डिस्कची फाईल, सिसयूटी२ (जिथं लिहायचं) ला टेप, सिसिन (जादा सूचना) डमी म्हणजे रिकामं, हे तुमचं बरोबरच आहे. ब्लॉकसाइज दिली नाही तर आयईबीजेनर ती सिसयूटी१ वरनंच उचलतो, आणि गोम तिथंच आहे, कारण डिस्कवरची फाईल ८० च्या ब्लॉकची असली तर टेपवरपण ८० चेच ब्लॉक पडतात. आता खऱ्या टेपचा हिशोब बघा, १६०० बीपीआयला (इंचाला १६०० बाइट) ८० बाइट म्हणजे फक्त ०.०५ इंच, आणि दर ब्लॉकनंतर कोरी जागा सुटते ०.६ इंच, म्हणजे डेटाच्या बारापट टेप रिकामीच जाती! २४०० फुटांच्या रिळावर असे ८० बाइटचे ४४ हजारांच्या आसपास रेकॉर्ड मावतात. तेच सिसयूटी२ ला ब्लॉकसाइज ८००० दिली की एका ब्लॉकमध्ये १०० रेकॉर्ड, ५ इंच डेटा आणि कोरी जागा तेवढीच, त्याच रिळावर ५ लाखांच्या वर जातात. फक्त आकडा ८० च्या पटीत पाहिजे.

हर्क्युलिसमध्ये टेप म्हणजे पीसीवरची एडब्ल्यूएस फाईल, तिच्यात कोरी जागा नसतीय, दर ब्लॉकला ६ बाइटचं हेडर तेवढं, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. दोन्ही तऱ्हेनं कॉपी करून फाईलींची साइज बघा, थोडा का होईना दिसेल. झेडओएसवर (आजच्या आयबीएम मेनफ्रेमच्या सिस्टीमवर) ब्लॉकसाइज सोडली तर सिस्टीम स्वतः ठरवती, ३.८जे मध्ये ती सोय नाही, त्यामुळं हाताला आत्ताच सवय लावा.

आणि एक, हे मात्र नीट लक्षात ठेवा. त्याच टेपवर दुसरी फाईल टाकायची तर लेबल=(२,एसएल) द्यायचंच, २ म्हणजे टेपवरची दुसरी फाईल आणि एसएल म्हणजे स्टँडर्ड लेबल. नाही दिलं तर सिस्टीम १ धरती आणि पहिल्या फाईलवरच लिहिती, मग तिच्या पुढं जे काय होतं तेपण गेलं म्हणून समजा.

व्हीसॅम (वेगळ्या रचनेची) फाईल असली तर आयईबीजेनर चालत नाही, आयडीकॅम्स या दुसऱ्या प्रोग्रामची रेप्रो कमांड वापरा. अख्खी पीडीएस (आत अनेक मेंबर असलेली फाईल) न्यायची तर आयईबीकॉपी, ती टेपवर अनलोड करून ठेवती आणि परत डिस्कवर आणताना पण तीच लागती.