गुडघेदुखीवर फिजिओथेरपी: दहा दिवसांच्या शेकाने का भागत नाही

आपण लिहिले आहे की आईंचे वय ६४ आहे, एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज चार श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीची आढळली, दहा दिवस रोज जाऊन शेक आणि करंट घेतल्यावर दुखणे थांबले, पंधरवड्यात ते पुन्हा सुरू झाले, आणि आता उरलासुरला सांधाही झिजेल या भीतीने त्यांनी चालणेसुद्धा कमी केले आहे. यावरून फिजिओथेरपीचा उपयोग होत नाही असे समजावे का, हा आपला प्रश्न. माझ्या मते त्यांच्या उपचाराचा मुख्य भाग अजून सुरूच झालेला नाही. मी डॉक्टर नाही. गुडघ्यांच्या याच विकाराबरोबर कित्येक वर्षे राहिल्याने आणि त्याविषयी सातत्याने वाचत आल्याने हे लिहिते आहे.

शेकाने किंवा आयएफटी व टेन्स या करंटच्या उपचारांनी काही काळ बरे वाटते, हे खोटे नाही. परंतु त्यामुळे मांडीचा स्नायू बळकट होत नाही आणि जिना चढताना गुडघ्यावर येणारा भारही बदलत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेनुसार ठरवलेला व्यायाम द्यावा असे म्हटले आहे, तर टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड आणि लेसर यांच्या लाभाचा पुरेसा पुरावा नसल्याने ते देऊ नयेत असे सांगितले आहे. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत नेमके उलटे प्रमाण दिसते: अर्धा तास यंत्र लावले जाते आणि निघताना व्यायामाचा एक छापील कागद हाती पडतो. यात सगळा दोष फिजिओथेरपिस्टचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण यंत्र लावले नाही तर ‘काही केलेच नाही’ असे म्हणणारे रुग्णही पुष्कळ असतात.

आता आईंच्या भीतीविषयी. सांध्यातील कूर्चेमध्ये, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत थरामध्ये, मज्जातंतू नसतात, त्यामुळे वेदना थेट कूर्चेतून येत नाही. ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या आतील आवरणातून आणि भोवतालच्या स्नायूबंधांतून येते. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही: चित्रात झीज पुष्कळ असूनही माणूस आरामात चालतो, तर कुणाला अल्प झिजेतही रात्री झोप लागत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याही नसतात. तिला पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातील द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर खेळता राहण्यासाठी सांध्यावर भार येणे व जाणे आवश्यक असते. गुडघा दुखू लागला आणि त्यात सूज आली, की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेश शरीर आपोआप मंदावते. तो स्नायू रोडावतो, पाऊल टाकताना बसणारा हिसका झेलणारे कुणी उरत नाही, दुखणे वाढते, माणूस आणखी कमी चालतो आणि स्नायू आणखी रोडावतो. आईंनी चालणे कमी करणे, म्हणजे याच फेऱ्यात आणखी आत जाणे होय.

व्यायामाचा लाभ किती, याची कल्पना देणारे आकडे उपलब्ध आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५४ चाचण्या पाहिल्या गेल्या. व्यायामाच्या कार्यक्रमानंतर लगेच वेदना शंभरपैकी सुमारे १२ गुणांनी कमी झाली होती आणि कार्यक्रम संपून दोन ते सहा महिने लोटल्यावर त्यातील सुमारे ६ गुणांचा लाभ टिकून होता. यात चमत्कार काही नाही, परंतु व्यायाम सोडला की लाभही ओसरतो, हे यातून स्पष्ट दिसते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विचार घरात चालू असेल, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक अमेरिकन चाचणी लक्षात घ्यावी. तिच्यात १५६ रुग्णांपैकी अर्ध्यांना इंजेक्शन आणि अर्ध्यांना फिजिओथेरपी दिली होती. त्रास जितका अधिक तितका आकडा मोठा, अशा शून्य ते २४० या मापावर दोन्ही गटांची सुरुवात १०७ ते १०९ च्या आसपास होती आणि वर्षाअखेरीस इंजेक्शनच्या गटाचा त्रास सुमारे ५६ वर, तर फिजिओथेरपीच्या गटाचा ३७ वर आला.

व्यायाम कोणते, हे आईंना प्रत्यक्ष तपासूनच ठरले पाहिजे. तरीही साधारण क्रम असा असतो. प्रारंभी पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावयाची, तिच्यावर गुडघा दाबून मांडी आवळावयाची आणि पाच ते दहा सेकंद धरून सोडावयाची. त्यानंतर पाठीवर निजून एक गुडघा वाकवलेला व दुसरा पाय सरळ ठेवून तो वीतभर उचलणे, आणि कुशीवर निजून वरचा पाय बाजूला उचलणे. या शेवटच्या प्रकाराने नितंबाचा बाजूचा स्नायू सुधारतो आणि चालताना कंबर एका अंगाला कलंडत नाही. मात्र पुष्कळ जण येथेच थांबतात, आणि ती मोठी उणीव ठरते. ज्या हालचालींत दुखते त्यांच्यासाठीच स्नायू तयार व्हावयास हवा असेल, तर खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे आणि कठड्याला धरून बुटक्या पायरीवर चढ-उतर करणे येथपर्यंत पोहोचावे लागते. खुर्ची सुरुवातीला उंच घ्यावी, हवी तर तिच्यावर घट्ट उशी ठेवावी आणि हळूहळू उंची कमी करावी. दहा वेळा उठणे सहज जमू लागले, की आवर्तने वाढवावीत किंवा उंची घटवावी. तीन महिने त्याच दहा उठाबशा करत राहिल्यास स्नायूला सुधारण्याचे कारणच उरत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात देखरेखीखालील व्यायामाची बारा सत्रे सहा आठवड्यांत होतात. आपणही आईंसाठी निदान सहा ते बारा आठवड्यांचा हिशेब धरावा.

व्यायाम करताना दुखले तर थांबावे का, ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला नियम असा: शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे माप धरावे, व्यायामात वेदना पाचापर्यंत गेली तरी चालते, मात्र चोवीस तासांच्या आत ती पूर्वीच्या पातळीवर उतरली पाहिजे. उतरली नाही, तर व्यायाम सोडावयाचा नाही, त्याचे प्रमाण कमी करावयाचे. पहिल्या दोन आठवड्यांत थोडे अधिक दुखणे संभवते, आणि हे आधी न सांगितल्यामुळेच निम्मे लोक तिथे नाद सोडतात, असा माझा समज आहे.

वजन जास्त असेल, तर एक किलो घटल्याने प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजमाप २००५ च्या एका अभ्यासात आले आहे. काठी वापरावयाची असल्यास ती अधिक दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ लोक ती चुकीच्या हातात धरतात. कमोड आणि ओट्याजवळ एक उंच स्टूल एवढ्याने दिवसभराचा त्रास बराच हलका होतो. मांडी घालून बसणे कायमचे वर्ज्य करावे, असे मला वाटत नाही. पूजेला किंवा पंगतीला थोडा वेळ बसता येत असेल आणि उठल्यावर दुखणे टिकत नसेल, तर बसू द्यावे.

फिजिओथेरपिस्ट निवडताना बीपीटी वा एमपीटी ही फिजिओथेरपीची पदवी पाहावी आणि पहिल्या भेटीत त्यांनी आईंना चालवून, खुर्चीवरून उठवून व नितंबाचे स्नायू तपासून पाहिले का, याकडे लक्ष द्यावे. केवळ रिपोर्ट पाहून यंत्र लावणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर शेकाने भाजण्याचा धोका असतो. पेसमेकर असल्यास करंटचे उपचार सुरू करण्यापूर्वी ते सांगितलेच पाहिजे. गुडघा गरम होऊन लाल झाला व ताप आला, पोटरी अचानक सुजली, पडल्यानंतर पायावर भार देता येईना किंवा गुडघा मध्येच अडकू लागला, तर व्यायामाच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शस्त्रक्रियेचा निर्णय एक्स-रेमधील श्रेणीवर नव्हे, तर बारा आठवडे नेटाने व्यायाम करूनही झोप, चालणे आणि घरातली कामे किती अडतात, यावर घ्यावा. त्या वाटेने जावे लागले तरी हा व्यायाम वाया जात नाही, कारण सांधा बदलल्यानंतर बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांतच रुग्णाला उभे करतात, आणि तेव्हा उभे राहावयाचे असते ते याच मांडीच्या बळावर. सध्या दवाखान्यात रोज जाण्याऐवजी आठवड्यातून दोनदा जावे, घरी करावयाचे व्यायाम आवर्तनांसह लिहून घ्यावेत आणि आईंची संमती असल्यास ते करतानाचे चित्रीकरण मोबाइलवर ठेवावे. पुढच्या भेटीत चुका दाखवणे फिजिओथेरपिस्टलाही सोपे जाते.